कौतिकबाईच्या दारासमोरचं वचन

खरं सांगते! ओरडून सांगते, सगळ्या बोळानं ऐकलं तरी चालेल. ह्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. आमच्यात देवाची शपथ घेत नाहीत, चर्चचे पाळकसाहेब रागावतात, म्हणून मी माझ्या उरल्यासुरल्या दातांची घेते. एक शब्द खोटा निघाला तर मरेपर्यंत भाकरी दुधात कुस्करून खाईन.

तर कौतिकबाईनं शिडी धरली होती, आणि शिडीवर मोहित पेंटर होता. धरली म्हणजे तो पडू नये म्हणून नव्हे. शेंगा पाडायला शेवग्याची फांदी हलवतात ना, तशी ती शिडी गदागदा हलवत होती. मोहितच्या एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्यात ब्रश, आणि तो ब्रश भिंतीवर टेकवून टेकवून स्वतःला सावरत होता.

"उतर! खाली उतर, मेल्या! कोणाले सोडणार नाही तू?"

"अम्मा, मैं नहीं! मी फक्त लिहून राह्यलो!"

"मले टाकणार नाही म्हणे! तू कोण मले टाकणारा?"

"अरे अम्मा, शिडी छोडो!"

"नाही सोडत!"

भिंतीवर हातभर उंचीची लाल अक्षरं होती: मी तुला सोडणार नाही, टाकणार नाही. शेवटचा 'नाही' शिडीच्या हिसक्यांनी खाली खाली उतरत गेला होता. रंगात तेल जास्त झालेलं, त्यामुळे प्रत्येक काना ओघळत होता. नवख्या माणसानं बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, एक खून झालाय आणि दुसऱ्याची जाहिरात लावलीय. इतकी मोठी अक्षरं की पार लांबच्या असीरगडावरून चष्मा न लावता वाचता यावीत.

मोहित उतरला तो उडी मारूनच. डबा घेऊन जो पळाला तो मजुरी मागायलाही परत आला नाही.

भिंत धुरपदाबाईची होती. राजपुऱ्यातल्या त्या बोळात दोन घरं अशी की एकाची कड दुसऱ्याच्या तोंडासमोर. धुरपदाबाईचं दार पलीकडच्या रस्त्यावर उघडायचं. बोळाकडे तिची नुसती आडवी भिंत. आणि त्या भिंतीच्या बरोबर समोर कौतिकबाईचं दार. म्हणजे जे काही लिहिलं ते धुरपदाबाईच्या घरातून मुळीच दिसायचं नाही, आणि कौतिकबाईला दार उघडलं की दुसरं काही दिसायचं नाही.

दोघींचं जुनं वैर होतं, शेवग्यावरून. खोड धुरपदाबाईच्या अंगणात आणि फांद्या कौतिकबाईच्या कौलांवर. शेंगा कोणाच्या, ह्याचा निकाल लागायच्या आत शेंगा जून व्हायच्या.

धुरपदाबाई आणि तिचा नवरा चुडामण, नावं ऐकून फसू नका, ख्रिस्ती होते. आजोबांच्या वेळेपासून प्रभूची माणसं. नावं मात्र खानदेशची ती खानदेशचीच राहिली. चुडामण पावरलूमचा मेकॅनिक. जन्मभर लूमच्या खडखडाटात उभं राहून बोलायचं, त्यामुळे त्याचा आवाज असा की रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गायला लागला की तापीच्या पलीकडे जैनाबादच्या म्हशी कान टवकारायच्या. नाताळात गाणाऱ्या मंडळींच्या पुढे ढोलकी घेऊन तोच असायचा. पहिली ओळ त्याची. त्यानं उचलल्याशिवाय कोणी तोंड उघडत नसे.

गणपती बसले त्या आठवड्यात त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली. जीभही गेली. तेवढा मोठा आवाज, आणि आता पाणी हवं असलं तरी डोळे मोठे करून बघायचा.

पाळक हर्षलसाहेब आले, नव्यानंच आलेले, तरुण. म्हणाले, "बाई, एखादं वचन धरा. घट्ट धरा."

आता हे समजून घ्या. आमच्यात शास्त्रातल्या ओळीलाही वचन म्हणतात आणि दिलेल्या शब्दालाही वचनच. त्यामुळे ओळ वाचली की कोणीतरी आपल्याला शब्द दिला असं वाटतं. धुरपदाबाईनं तो तसाच घेतला, भाजीवाल्यानं उद्या मेथी आणतो म्हटल्यावर घेतात तसा. तिनं मोहित पेंटरला बोलावलं, वाक्य पाठ करून घेतलं आणि सांगितलं, "ह्यांच्या समोरच्या भिंतीवर लिही. खाली 'परमेश्वर म्हणतो' असं लिही." आणि ती दवाखान्यात चिठ्ठी दाखवायला गेली.

समोरची म्हणजे खाटेच्या समोरची. पडल्या पडल्या त्याला दिसावी म्हणून. मोहितनं आत बघितलं तर भिंतीला ओल. रंग धरेना. त्यानं विचार केला, समोरची म्हणजे बाहेरची असेल. रस्त्याच्या बाजूला दार आणि खिडकी, जागा नाही. मग बोळातली. तिथं जागाच जागा! फक्त खालच्या कोपऱ्यात विजेचं मीटर आलं, त्यामुळे 'परमेश्वर म्हणतो' राहून गेलं.

धुरपदाबाई परत आली तेव्हा कौतिकबाई पदर खोचून बोळात उभी होती.

"भिंतीवर धमकी लिहिते? मले?"

"कौतिके, माझ्या देवाचं वचन आहे ते!"

"तुह्या देवाचं, तर तुह्या घरात लिही! माह्या दारात कायले डोकावते तो? आन् देव असं बोलते? सोडणार नाही, टाकणार नाही! असं तर तो इतवाऱ्यातला गुंड बोलते."

"खाली 'परमेश्वर म्हणतो' असं..."

"कोठी आहे परमेश्वर? मले तर मीटर दिसते. मीटर म्हणून राह्यलं का, सोडणार नाही म्हणून? त्याचं खरं आहे, बिलवाले कोणाले सोडत नाहीत."

धुरपदाबाईनं भिंतीकडे पाहिलं. तिला हसू येण्यासारखं होतं, पण त्या दिवसांत तिचं हसू कुठं गेलं होतं कोण जाणे. ती म्हणाली, "पुसणार नाही. कर काय करायचं ते."

"मी रोज येईन! तू पुसत नाही तोवर रोज येईन!"

आणि ती बाई आली हो. रोज आली.

कौतिकबाई एकटी राहायची, पापड लाटून विकायची. नवरा कधीकाळी सुरतेला लूमवर गेला तो तिकडचाच झाला, दुसरं बिऱ्हाड केलं. अशा बाईसाठी आपल्याकडे एक शब्द आहे. बोळातल्या बायका तो तिच्या पाठीमागं बोलायच्या. मी आत्ता तो बोलत नाही.

सकाळी सडा टाकला, तुळशीला पाणी घातलं, की ती धुरपदाबाईच्या पुढच्या दारात हजर.

"पुसलं का?"

"नाही पुसलं."

"लाज नाही वाटत? माह्या तुळशीसमोर रक्तासारखी अक्षरं! गिऱ्हाईक भिते माह्या घरी याले! व माय, त्याची मान बघ. मान बघ म्हणते! उशी सरकली ना. भांडते का त्याले बघते?"

आणि उशी तीच नीट करायची. शिव्या चालू ठेवून. एकदा तिनं पूर्ण भांडण चुडामणला ज्वारीच्या कण्या भरवत केलं. एक घास, एक शिवी. चुडामणच्या तोंडातून ओघळलेलं पदरानं पुसायची आणि धुरपदाबाईकडे बघून म्हणायची, "तुह्यासारखी बाई मी जन्मात नाही पाह्यली." धुरपदाबाईला आपलं एवढंच बरं वाटायचं की भांडण लांबलं की तेवढ्यात नळाचं पाणी भरून होतं. त्यापलीकडे तिनं विचार केला नाही. वैरीण आहे, भांडायला येते. बस.

आणि देवळातली आपली माणसं? त्यांचंही ऐका. मला अजून संताप येतो.

सुरुवातीला खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. प्रार्थना, सफरचंद, नारळपाणी. वडिलांच्या पत्नी मृणालवहिनी. वडील म्हणजे आमच्या मंडळीचे कारभारी, कोणाचा बाप नव्हे. त्या मृणालवहिनी खाटेशी बसल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, "धुरपदाबाई, देव ज्याच्यावर जास्त प्रेम करतो ना, त्यालाच पारखतो."

धुरपदाबाई चुडामणचे पाय चोळत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग वहिनी, तुमच्या घरी सगळे ठणठणीत आहेत. जरा काळजीचंच आहे."

मृणालवहिनींनी डोळे उघडले. सफरचंदांची पिशवी मात्र ठेवून गेल्या, तेवढं मी म्हणेन.

दुसरी एक आली, तिचं नाव घेत नाही. तिनं खाली वाकून हळूच विचारलं, "घरात काही लपलेलं पाप वगैरे? कबूल केलं की देव मोकळं करतो." आजारी माणसाच्या उशाशी बसून असं विचारतात? त्याला बोलता येत नव्हतं, ऐकू येत होतं! त्याच्या डोळ्याच्या कडेतून पाणी उशीवर गेलं. धुरपदाबाईनं त्या बाईच्या चपला उचलल्या आणि रस्त्यावर नेऊन, नीट जोडीनं, दुसऱ्याच्या दारासमोर ठेवल्या.

दिवाळी झाली. येणारे कमी झाले. मग रविवारी प्रार्थनेत नुसतं नाव घ्यायला लागले. मग एका रविवारी नाव घ्यायचंही राहिलं.

धुरपदाबाईची प्रार्थना तुम्ही ऐकायला हवी होती. गुडघ्यावर नाही, उभ्यानं, हातात ओली चादर पिळत.

"तू म्हणाला सोडणार नाही. बरोबर आहे तुझं. सोडलंस कुठं? आधी उजवा हात धरलास, मग पाय धरलास, मग जीभ धरलीस. पक्का धरलास! आता सोड ना! सोड म्हणते! भिंतीवर लिहून घेतलं ते ह्याच्यासाठी? असं वचन तर कौतिकही देते रोज मला!"

हर्षलसाहेब दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. पाळक माणूस, खाकरले.

"साहेब," ती म्हणाली, "आज वचन नका सांगू. ह्यांना कुशीवर वळवायला हात द्या."

त्यांनी बाह्या वर केल्या. दोघांनी मिळून वळवलं. पाठ पुसली, पावडर लावली. मग ती म्हणाली, "एकच विचारते. देव खोटं बोलतो का?"

"नाही."

"मग एवढा उशीर करतो?"

तरुण माणूस होता. पुस्तकातलं उत्तर त्याच्या तोंडापर्यंत आलेलं मी पाहिलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं. पण ते त्यानं गिळलं. म्हणाला, "शास्त्रात देवाशी भांडणारे पुष्कळ आहेत, बाई. भांडला म्हणून त्यानं कोणाला हाकलून दिल्याचं मला तरी आठवत नाही."

"मग मी भांडते," धुरपदाबाई म्हणाली, आणि चादर दोरीवर अशी झटकली की साहेबांचा चष्मा ओला झाला.

नाताळ जवळ आला. आमच्यात नाताळाआधी घरं रंगवतात, चुना मारतात; तुमच्यात दिवाळीला करतात तसं. मोठ्या डॉक्टरांनी त्याच आठवड्यात तपासलं आणि बाहेर येऊन सांगितलं, चालणं थोडंफार येईल कदाचित, पण बोलणं परत येईल असं धरून चालू नका. डॉक्टर चांगला होता, हळू बोलला. पण 'धरून चालू नका' म्हणाला. तिला पाळकांनी सांगितलं होतं धरा, ह्यानं सांगितलं धरू नका.

त्या संध्याकाळी गाणारी मंडळी आली. नवी पोरं, नवी ढोलकी. दारात उभी राहिली आणि सवयीनं सगळ्यांनी खाटेकडे बघितलं. पहिली ओळ चुडामणची ना. चुडामणनं तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. नुसती हवा आली, आणि लाळ. पोरांनी माना खाली घातल्या. कोणीतरी घाईघाईनं भलत्याच सुरात ओळ उचलली, आणि सगळे ते गाणं कसंतरी संपवून, चहा न घेता गेले.

धुरपदाबाईनं दार लावलं. ती रडली नाही. तिनं घमेलं घासलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्या घमेल्यात चुना कालवला आणि बोळात आली. स्टुलावर चढली. हातात काथ्याचा कुंचा. समोर ती भिंत. स्वतःच्याच घरावरचं वचन ती क्वचितच बघायची. त्यासाठी वळसा घालून वैरिणीच्या दारात उभं राहावं लागायचं ना.

"घे," ती वर बघून म्हणाली. कौतिकबाईला नव्हे. "घे तुझं परत. मला जड झालं."

आणि कुंचा फिरवला. शेवटचा 'नाही' घसरून खाली आला होता, हाताला तोच येत होता, म्हणून पहिल्यांदा तोच पुसला. एका हातात पांढराफटक.

समोरचं दार धाडकन उघडलं.

कौतिकबाई पापडाच्या पिठानं माखलेले हात घेऊनच बाहेर आली. आता ती काय म्हणाली असेल? जिंकली होती की! एवढ्या दिवसांचं भांडण जिंकली होती. पेढे वाटायचे.

ती भिंतीकडे बघत राहिली. ओठ हलले. तिला वाचायला वेळ लागायचा, दुसरीतून शाळा सुटलेली. बोटानं हवेत अक्षरं जोडत तिनं शेवटपर्यंत वाचलं, आणि मग ओरडली. असं ओरडली की वरच्या शेवग्यावरचे कावळे उडाले.

"हे काय केलं तू? काय केलं, रांडे?"

"पुसतेय. तुझ्याच मनासारखं करतेय. आता तरी जीव थंड होऊ दे."

"अर्धं पुसलं! वाच! वाच काय राह्यलं ते!"

धुरपदाबाईनं मान वर केली. वाचलं. मी तुला सोडणार नाही, टाकणार.

"टाकणार!" कौतिकबाई म्हणाली. "आता दार उघडलं की हे वाचू मी? सकाळी उठून हे? टाकणार?" तिचा आवाज चिरला. "बोळातल्या बाया मागून बोलतात ते कमी आहे का? टाकलेली, टाकलेली! आन् आता भिंत बी बोलंल?"

हाच तो शब्द. मी मघाशी बोलले नव्हते, तो ती स्वतःच बोलली.

धुरपदाबाई स्टुलावर कुंचा धरून उभी. चुना कोपरापर्यंत ओघळत होता.

"तू तर म्हणायचीस धमकी आहे."

"म्हणायची."

"रोज यायचीस. पुस म्हणायचीस."

"म्हणायची!" कौतिकबाईनं पिठाच्या हातानं नाक पुसलं. नाकाला उडदाचं पीठ लागलं. "मले दुसरीपर्यंतचं वाचता येते, धुरपदे. धमकी कोणती आन् शब्द कोणता, येवढं कळते मले. मले असं कोणी म्हटलं नव्हतं. माह्या बापानं नाही, त्यानं तर नाहीच नाही. आन् तुह्या देवानं म्हटलं, ते बी चुकून, पेंटरच्या चुकीनं, माह्याकडे तोंड करून. आता मी काय येऊन म्हणू तुले? बाई, तुह्या भिंतीवरचं मले लागते, असं म्हणू? भांडायले तरी यायची ना मी!"

बोळात कोणाच्या तरी रेडिओवर हिंदी जाहिरात चालू होती.

मग कौतिकबाई वळली. तुळशीपाशी गेली. वृंदावनाला लावायला कालवलेला गेरू वाटीत होता, ती वाटी घेऊन आली. "उतर खाली," म्हणाली. धुरपदाबाई उतरली. कौतिकबाई स्टुलावर चढली, गुडघे करकरले. तिनं बोट गेरूत बुडवलं आणि ओल्या चुन्यावर टेकवलं. गेरू फिस्कटला, गुलाबी झाला.

"न," ती म्हणाली. "न ले काना. पुढं?"

धुरपदाबाई त्या गुलाबी 'ना'कडे बघत होती.

"पुढं सांग ना, बापा! ह ना? ह ले पहिली का दुसरी?"

जी बाई पुसायला आली होती ती खाली उभी राहून वर बघत होती, एका हातात कुंचा, दुसऱ्या हातानं स्टुलाचा पाय धरलेला, कौतिक पडू नये म्हणून.

"दुसरी," ती म्हणाली. "दुसरी वेलांटी. मोठी काढ. दिसली पाहिजे."

"कशी, उजवीकडं?"

"उजवीकडं. आणि पूर्ण खालपर्यंत आण."

कौतिकबाईनं जीभ दातांत धरून वेलांटी काढली. अशी वाकडी की तिच्यात शेवग्याची शेंग अडकवता आली असती.

आणि तेव्हाच, ऐका, तेव्हाच भिंतीच्या आतून, खाटेवरून, आवाज आला. घोगरा, गंजलेल्या बिजागरीसारखा, पण आवाज. चुडामणचा. एकच शब्द. "नाही." असा स्पष्ट की दोघींनी ऐकला, जैनाबादच्या म्हशींनीसुद्धा ऐकला. कौतिकबाईच्या हातातली वाटी पडली आणि धुरपदाबाई चुन्याच्या हातानं आत धावली.

आता दातांची शपथ घेतली आहे. खालचे अजून कामाचे आहेत. म्हणून एक कबूल करून टाकते.

चुडामण बोलला नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. तेवढं एक मी घातलं. घातलं तर घातलं! जे देवानं करायला पाहिजे होतं ते त्यानं केलं नाही, म्हणून मला करावं लागलं, आणि ह्याबद्दल मी त्याला वर गेल्यावर विचारणार आहे. रांगेत धुरपदाबाई माझ्या पुढं असेल.

बाकी सगळं खरं. खोटं वाटत असेल तर राजपुऱ्यात या. सकाळी या, सडा टाकायच्या वेळी. दोघींचं भांडण बोळाच्या तोंडापासून ऐकू येतं, हल्ली मीठ जास्त घालून कण्या केल्या म्हणून चालू असतं. आवाजाच्या मागं मागं जा आणि भिंत बघा. लाल रंग उडत चाललाय. शेवटचा शब्द गेरूचा आहे, वाकडा आहे, आणि तो दर सणाला कोणीतरी नव्यानं गिरवतं.